तार कापणारे, तार राखणारे

अंबाला ही माझी पहिली पोस्टिंग. जबलपूरच्या ट्रेनिंग सेंटरमधून सिग्नलमन होऊन बाहेर पडलो तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. केबलचं रीळ पाठीवर घेऊन पळायचं, अंधारात नुसत्या बोटांनी जोड मारायचा, झाडावर चढून तार वर बांधायची, एवढंच मला येत होतं आणि तेवढ्यासाठीच सरकार मला पगार देत होतं. आमच्या लाइन पार्टीचे हवालदार राजस्थानचे. जानेवारीतल्या एका रात्री, दाट धुक्यात, तुटलेली लाइन शोधत आम्ही चाललो होतो. तार मुठीतून सरकवत जायचं, तुटका भाग हाताला लागला की थांबायचं. दोन तास झाले तरी फॉल्ट सापडेना. मी काहीतरी कुरकुरलो असणार. हवालदार म्हणाले, "अरे मराठा, याच अंबाल्यात एक तार आली होती. ती आली नसती तर इंग्रजानं सत्तावन्न सालीच गाशा गुंडाळला असता."

फॉल्ट पहाटे सापडला. ट्रकच्या चाकाखाली केबल चिरडली होती. जोड मारला, लाइन बोलू लागली, आम्ही चहा प्यायला गेलो. हवालदारांची गोष्ट मात्र डोक्यातून गेली नाही. पुढे दिल्लीला बदली झाली तेव्हा एका रविवारी मी मुद्दाम कश्मीरी गेटजवळ जाऊन तारवाल्यांचा तो दगडी स्तंभ पाहून आलो. इंग्रजांनी तो १९०२ मध्ये उभारला. आजूबाजूला रहदारी इतकी की नीट उभं राहून वाचताही येत नाही.

गोष्ट अशी. १० मे १८५७ ला मेरठच्या शिपायांनी उठाव केला आणि मेरठ-दिल्ली तार तोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीच्या तार ऑफिसचा मुख्य, चार्ल्स टॉड, तार कुठे तुटली ते बघायला यमुनेच्या बाजूला गेला. तो परत आला नाही. ऑफिसात ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन ही दोन पोरं उरली. मेरठची तार मेली होती, पण अंबाल्याची जिवंत होती. मेरठचे शिपाई शहरात शिरलेत, साहेब लोक मारले जात आहेत, आम्ही ऑफिस सोडतोय, अशा अर्थाचा निरोप त्यांनी अंबाल्याला टकटकवला आणि निघाले. अंबाल्याहून तो लाहोरला गेला. १३ मे रोजी लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीतल्या देशी पलटणींकडून हत्यारं काढून घेतली गेली. त्या शिपायांना दिल्लीत काय झालं ते कळायच्या आत त्यांच्या साहेबांना कळलेलं होतं. पंजाब इंग्रजांच्या हातात राहिला आणि दिल्ली परत घ्यायला फौज तिथूनच आली.

हवालदारांनी ही गोष्ट सिग्नलवाल्याच्या अभिमानानं सांगितली होती. जिवावर उठलेल्या गर्दीतही चावीवरचा हात न काढणारा ऑपरेटर म्हणजे आमच्या धंद्यातला हिरोच. मला मात्र आत काहीतरी टोचत होतं. या गोष्टीत आपण कुणाच्या बाजूचे? तार कापणारे आपले होते, तार राखणारे परक्यांचे.

टोचायला घरचं कारण होतं. आमचं गाव वाळवा तालुक्यातलं, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात. बेचाळीसच्या चळवळीत तिकडे तारायंत्राच्या तारा तोडणं हा रोजचा कार्यक्रम होता. पुढे नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं ते त्याच भागात. माझे आजोबा पुढारी वगैरे नव्हते. रात्री खांबावर चढणाऱ्या पोरांना खालून कंदील धरायचे, एवढंच त्यांचं स्वातंत्र्यसंग्रामातलं काम. तोडलेल्या तारेचा एक लांब तुकडा त्यांनी घरी आणला होता. आमच्या परसात दोन बाभळींच्या मध्ये तो वळण म्हणून बांधलेला होता आणि माझी आजी मरेपर्यंत त्यावर वाकळा वाळत घालायची. मी भरती झालो तेव्हा आजोबा हयात होते. सिग्नलमध्ये गेलो म्हटल्यावर फार हसले. "आम्ही तोडल्या, तू जोड," म्हणाले.

आजोबा ज्या कलमाखाली आत गेले असते ते मी खूप नंतर वाचलं. भारतीय तार कायदा, १८८५, कलम २५. तारेला मुद्दाम नुकसान केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद. हा कायदा मी पहिल्यांदा वाचला तो खात्याच्या परीक्षेसाठी, पाठांतर म्हणून. दुसऱ्यांदा वाचला तो निवृत्तीनंतर, स्वतःसाठी, आणि तेव्हा तो निराळाच दिसला.

आधी थोडं मागे जाऊ. हिंदुस्थानात तार आणली ती विल्यम ओ'शॉघनेसी या कंपनीच्या डॉक्टरनं. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. (भांगेच्या औषधी उपयोगावर विलायतेत लेख लिहून गाजलेला डॉक्टर तो हाच.) १८३९ मध्ये त्यानं कलकत्त्याजवळ प्रयोगाची लाइन टाकली. कंपनीला तेव्हा त्यात रस वाटला नाही. पुढे डलहौसीच्या काळात काम जोरात निघालं आणि १८५५ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास तारेनं जोडले गेले. त्याच सुमारास, १८५४ मध्ये, पहिला तार कायदा आला आणि हिंदुस्थानात तार चालवायचा एकाधिकार सरकारकडे गेला. सत्तावन्नच्या धुमाळीत उत्तरेत शेकडो मैल तार उखडली गेली. बंडवाल्यांनी तारेचे तुकडे करून ते गोळ्यांऐवजी बंदुकीत भरल्याचं खुद्द तार खात्याच्या लोकांनी नोंदवून ठेवलं आहे.

ज्या सरकारनं हे पाहिलं, त्यानंच पुढे १८८५ चा कायदा लिहिला. म्हणून त्यात दोन हात आहेत. एक हात राखणारा. तार तोडू नका. तार ऑफिसात घुसून दुसऱ्याचा निरोप वाचू नका. आणि तार बाबूनंच कुणाचा निरोप फोडला, दाबला, बदलला तर त्यालाही शिक्षा. हे शेवटचं मला फार आवडतं. तुमच्या आईच्या आजारपणाची तार गावभर करणाऱ्या बाबूला तुरुंग दाखवणारा कायदा १८८५ मध्ये या देशात होता. आज आपण ज्याला खाजगीपणाचा हक्क म्हणतो त्याचं बी त्यात आहे.

दुसरा हात कलम ५ चा. सार्वजनिक आणीबाणी आली, किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी हवं असलं, तर सरकार कुठलाही निरोप अडवू शकतं, उघडू शकतं, पाठवू नका म्हणू शकतं. बाबूला जे केल्याबद्दल तुरुंग, तेच सरकारनं केलं तर ती सुरक्षितता. कुणापुढे जायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. परक्या सरकारनं परक्या लोकांवर राज्य करायला केलेला कायदा, त्यात आश्चर्य नाही. आश्चर्य पुढे आहे. स्वातंत्र्यानंतर १९७२ मध्ये या कलमाची डागडुजी झाली, देशाचं सार्वभौमत्व, सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणं त्यात घातली, पण मूळ पाया तोच राहिला. फोन ऐकण्याला पहिला खरा लगाम लागला तो १८ डिसेंबर १९९६ ला. पीयूसीएल या संघटनेच्या अर्जावर सुप्रीम कोर्टानं सांगितलं की फोनवरचं बोलणं हा माणसाच्या खाजगी आयुष्याचा भाग आहे. ऐकायचंच तर गृहसचिवाचा लेखी हुकूम पाहिजे, त्याला मुदत पाहिजे, आणि वर तपासणारी समिती पाहिजे. कायदा होऊन १११ वर्षं झाली होती.

मी तेव्हा नुकताच नायक झालो होतो आणि मला या निकालाची गंधवार्ता नव्हती. तार म्हणजे आमच्यासाठी सुट्टी. वडील सिरियस, लगेच निघा. फौजेत अशी तार आली की सुट्टी मंजूर व्हायला वेळ लागत नसे, त्यामुळे आमच्या युनिटमधल्या कित्येकांचे वडील वर्षातून दोनदा सिरियस व्हायचे. गंमत बाजूला ठेवू. खरी तारही यायची. सिग्नल सेंटरमध्ये ती हातात घेऊन पोराला शोधायला जाण्याची ड्यूटी मी केली आहे. कागदावर चारच शब्द, पण ते त्याला माझ्या आधी कुणी सांगू नयेत म्हणून मी लंगरातून धावत गेलेलो आहे. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. कायदा चालूच राहिला. तारेच्या कायद्यात आता मोबाइल आणि इंटरनेट राहायला आले होते.

काश्मीरमध्ये माझ्या दोन पोस्टिंग झाल्या. पहिली झाली तेव्हा खोऱ्यात मोबाइलच नव्हता. देशात तो १९९५ ला आला, जम्मू-काश्मीरमध्ये २००३ ला, कारण सुरक्षा. पुढे २००९ मध्ये काही महिने प्रीपेड बंद, २०१० पासून २०१४ पर्यंत प्रीपेडवर एसएमएस बंद. यातलं काहीच उगाच झालं असं मी म्हणणार नाही. घेरा पडला की अर्ध्या तासात चहूकडून गर्दी कशी गोळा होते, मशिदीचा भोंगा आणि मोबाइल मिळून काय करू शकतात, ते मी दोरीच्या आतल्या बाजूनं पाहिलं आहे. त्या गर्दीत शाळेची पोरंही असायची. तेव्हा फोन बंद झाला तर आम्हाला हायसं वाटायचं. हे लपवून लिहिलं तर बाकीच्या लिहिण्याला काय किंमत?

दुसरी पोस्टिंग २०१९ ची. जागेचं नाव लिहीत नाही. ४ ऑगस्टच्या रात्री मोबाइल, लँडलाइन, इंटरनेट सगळं एकदम गेलं. पूर्वी एक बंद असलं तर दुसरं चालू असायचं. या वेळी काहीच नव्हतं. सगळा जन्म मी लाइन मेली की अस्वस्थ होणारा माणूस. फॉल्ट कुठे, कुणाला पाठवू, किती वेळ लागेल, हेच प्रश्न. त्या रात्री फॉल्ट कुठेही नव्हता. सगळ्या तारा धडधाकट होत्या आणि सगळ्या मुक्या होत्या.

आमची स्वतःची लाइन अर्थातच चालू होती. कॅम्पच्या गेटवर रोज सकाळी एक कांदूर, म्हणजे तिकडचा रोटी भाजणारा, यायचा. त्याची मुलगी पुण्यात शिकत होती. मी "पुण्याकडचा", त्यामुळे आमची ओळख. नवव्या की दहाव्या दिवशी तो गेटवर आला तेव्हा रोट्या नव्हत्या. हातात एक चिठ्ठी, तिच्यावर मुलीचा नंबर. म्हणाला, "सुबेदार साब, बोलणं करून देऊ नका. तुम्ही फक्त कळवा की आम्ही ठीक आहोत. तिला काय काय वाटत असेल."

फौजी लाइनवर सिव्हिलचा निरोप चालत नाही. हा नियम मला कुणी शिकवायला नको, मीच पोरांना शिकवत आलो. लाइन सिक्युरिटी म्हणजे काय, एका निरुपद्रवी निरोपात किती काही लपवता येतं, हे मी फळ्यावर लिहून समजावलेलं आहे. नियम बरोबर आहे. मी चिठ्ठी घेतली, "बघतो" म्हणालो आणि काहीही केलं नाही. चिठ्ठी पाकिटात, बायकोच्या फोटोमागे ठेवली. घरी माझा आठवड्याला एक वेलफेअर कॉल होत होता. तो करताना दर वेळी त्या चिठ्ठीची जाणीव व्हायची.

लँडलाइन ऑगस्टच्या मध्यापासून थोड्या थोड्या करत सुरू झाल्या, पण घरात लँडलाइन राहिली होती कुणाकडे? पोस्टपेड मोबाइल १४ ऑक्टोबरला सुरू झाले. इंटरनेट बंदच. नोव्हेंबरात रेल्वे सुरू झाली तेव्हा लोक बारामुल्ला, श्रीनगरहून गाडीत बसून पीर पंजालच्या अकरा किलोमीटरच्या बोगद्यापलीकडे बनिहालला जायला लागले. तिथे नेट होतं. परीक्षेचे फॉर्म, जीएसटीचे कागद, सफरचंदाच्या व्यापाऱ्यांचे हिशेब, सगळं दिवसभरात उरकून संध्याकाळच्या गाडीनं परत. त्या गाडीला लोकांनी "इंटरनेट एक्स्प्रेस" असं नाव दिलं होतं.

काश्मीर टाइम्सच्या संपादक अनुराधा भसीन यांनी ऑगस्टमध्येच सुप्रीम कोर्टात अर्ज केला होता. त्याचा निकाल १० जानेवारी २०२० ला लागला. न्यायमूर्ती रमणा, सुभाष रेड्डी आणि आपल्या अमरावतीचे भूषण गवई यांच्या पीठानं दिलेला. मी तो निवृत्तीनंतर पूर्ण वाचला. त्यातली मला सगळ्यांत लागलेली गोष्ट मोठ्या तत्त्वाची नाही, अगदी दफ्तरी आहे. कोर्टानं विचारलं, बंदीचे हुकूम कुठे आहेत? सरकारनं सगळे हुकूम पुढे ठेवलेच नाहीत, काही नमुन्यादाखल ठेवले. लाखो लोकांची बोलती बंद करणारा कागद त्या लोकांनी पाहिलेला नव्हता, कोर्टानंही पूर्ण पाहिला नव्हता. आमच्याकडे एक्सचेंजमधली एक लाइन पाच मिनिटं बंद करायची तरी लॉगबुकात वेळ, कारण आणि सही लागते. सही नसेल तर दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभं राहावं लागतं.

कोर्टानं सांगितलं की इंटरनेटवरून बोलणं आणि त्यावरून धंदा करणं याला घटनेच्या कलम १९ चं संरक्षण आहे. बेमुदत बंदी चालणार नाही. हुकूम प्रसिद्ध करावे लागतील, म्हणजे ज्याला दाद मागायची त्याला मागता येईल. दर सात दिवसांनी समितीनं फेरविचार करायचा. मात्र इंटरनेट चालू करा असा आदेश कोर्टानं दिला नाही, आणि ते अनेकांना लागलं. मलाही लागलं. तरी त्या निकालाचा उपयोग झाला नाही असं नाही. इंटरनेट बंद करण्याचे नियम २०१७ मध्ये पहिल्यांदा केले गेले होते, त्याच १८८५ च्या कायद्याखाली, आणि त्यात कमाल मुदतच नव्हती. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यात एका हुकमाला पंधरा दिवसांची मर्यादा घातली गेली. पंधरा दिवसांनी नवा हुकूम काढता येतो, हे खरं. पण नवा काढायचा म्हणजे पुन्हा कारण लिहावं लागतं, पुन्हा सही करावी लागते.

जानेवारीअखेर टूजी सुरू झालं, तेही फक्त ठरवून दिलेल्या ३०१ वेबसाइटपुरतं. ही यादी करणाऱ्याला तार माहीत असेल, इंटरनेट नाही. तारेत एका टोकाला एक माणूस, दुसऱ्या टोकाला दुसरा. वेबसाइट तशी नसते. बँकेचं एक पान उघडायला दहा ठिकाणांहून तुकडे येतात: चित्र एकीकडून, अक्षरं दुसरीकडून, ओटीपीची खिडकी तिसरीकडून. यादीत बँकेचं नाव आणि बाकीच्या नऊंचं नाही, मग पान उघडतं ते अर्धं, आणि पैसे भरायचं बटण दाबलं की गोल फिरत राहतं. मार्चमध्ये यादी गेली, टूजी राहिलं. नेमकं तेव्हाच करोना आला. मुलांचे वर्ग फोनवर आणि फोन टूजीवर. उपचारांच्या नव्या सूचना डाउनलोड व्हायला किती वेळ लागतो याची तक्रार श्रीनगरचे डॉक्टर करत होते. पूर्ण फोरजी आलं ५ फेब्रुवारी २०२१ ला, म्हणजे दीड वर्षानं.

आता दुसरी बाजू, कारण ती आपल्याच मुलखातली आहे. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच भिक्षेकरी माणसं, मंगळवेढ्याकडची, बाजाराच्या दिवशी गावात आली. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज त्या दिवसांत फोनाफोनांवर फिरत होते. गर्दीनं त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. ज्याला वाटतं की मेसेज म्हणजे नुसतं बोलणं, त्यानं राईनपाडा आठवावं. जगण्याचा हक्क हाही हक्कच आहे, आणि तो त्या पाचांचा मेसेजमुळे गेला. पण पुढे काय केलं गेलं तेही पाहावं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुरेसं होतं का, यावर वाद आहे. पण धुळ्याच्या शेतकऱ्याचा बाजारभावाचा मेसेज त्यानं बंद झाला नाही. जखम जिथे, तिथेच पट्टी.

आणि २६/११. मुंबईत हल्ला चालू असताना कराचीतले सूत्रधार अतिरेक्यांना फोनवर एकेक पाऊल सांगत होते. आपल्या यंत्रणांनी ते फोन पकडले, ऐकले, ध्वनिमुद्रित केले. पुढे खटल्यात तोच पुरावा सुप्रीम कोर्टापर्यंत उभा राहिला. कलम ५ चा हा खरा उपयोग. ठरावीक नंबर, ठरावीक वेळ, ठरावीक कारण. सिग्नलवाला म्हणून मला त्यात एकच दिसतं: लाइन जिवंत होती म्हणून ऐकता आली. मेलेल्या लाइनवर शत्रूही काही बोलत नाही.

लाइन मारली की काय होतं ते मणिपूरनं दाखवलं. ३ मे २०२३ ला तिथे हिंसाचार पेटला आणि इंटरनेट बंद झालं. ४ मे रोजी दोन स्त्रियांवर झालेल्या अत्याचाराचा व्हिडिओ देशानं पाहिला तो १९ जुलैला. मधले अडीच महिने ते जगासाठी घडलेलंच नव्हतं. व्हिडिओ आल्याच्या दुसऱ्या दिवशी सुप्रीम कोर्टानं स्वतःहून दखल घेतली. अफवा थांबावी म्हणून केलेल्या बंदीनं अफवा थांबली की नाही हे मोजता येत नाही. साक्ष थांबली, हे मात्र तारखांवरून दिसतं.

मोजण्याचंच निघालं म्हणून सांगतो. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं अहवाल दिला की देशात कुठे, किती वेळा, किती दिवस इंटरनेट बंद झालं याची नोंद केंद्रात कुणीच ठेवत नाही. त्याच वर्षी राजस्थानात शिक्षकभरतीच्या परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून कित्येक जिल्ह्यांचं इंटरनेट बंद केलं होतं. कॉपी ही सार्वजनिक आणीबाणी असेल तर आमच्या तालुक्यात ती दर मार्चला लागू व्हायला हवी.

बंद करण्यात आपण तरबेज झालो, पण राखण्याचं काय? नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्यात कुलूपबंद झाले. जवळजवळ दोन आठवडे एवढ्या मोठ्या सरकारी इस्पितळात केसपेपर हातानं लिहिले जात होते, तपासण्यांचे रिपोर्ट कागदावर फिरत होते. बिहारहून, उत्तर प्रदेशातून आलेली माणसं रांगेत. ही खरी तुटलेली तार. ती जोडायला रात्रीच्या पाळीचा माणूस लागतो, वेगळ्या जागी ठेवलेली प्रत लागते, वेळेवर बदललेलं कुलूप लागतं, आणि या सगळ्याला पैसा आणि कंटाळवाणी शिस्त लागते. बंदीला एक सही पुरते.

डिसेंबर २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा मंजूर झाला. १८८५ चा कायदा जाणार म्हणून मला उगाच आनंद झाला होता. आजोबांना धरू पाहणारा कायदा अखेर मोडीत निघतोय, असं काहीतरी. मग कलम २० वाचलं. सार्वजनिक आणीबाणी उद्भवल्यास, किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी. शब्द तेच. कौन्सिलात बसलेल्या साहेबांनी सत्तावन्नची धास्ती मनात ठेवून घातलेले शब्द आपल्या संसदेनं जसेच्या तसे पुढे नेले. निरोप अडवणं, ऐकणं त्यात आहेच. आणि सेवा बंद करणं, ज्यासाठी पूर्वी नियमांचा आडोसा घ्यावा लागायचा, ते आता कायद्यातच स्पष्ट लिहिलं आहे.

त्या चिठ्ठीचं राहिलं. सप्टेंबरच्या शेवटी मला सुट्टी मिळाली. कॉन्व्हॉयनं जम्मूला आलो. तिथे फोन चालत होते. स्टेशनवर सामान खाली ठेवून आधी तो नंबर लावला, घरचा नंतर. मुलीनं उचलला. मी कोण, कुठला हे सांगितलं, तुझे अब्बा, अम्मी ठीक आहेत, मी स्वतः पाहिलंय, असं सांगितलं. पलीकडे काहीच आवाज नाही. लाइन कटली असं वाटून मी सवयीनं दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणालो. मग तिनं विचारलं, "अंकल, तुम्ही त्यांना कधी पाहिलं?"

काल सकाळी, म्हणालो. ते खरं होतं.

"आणि चिठ्ठी त्यांनी कधी दिली?"

मी तारीख सांगितली नाही.